आर्क मेल्टरवाल्या (विजेच्या झोताने धातू वितळवायच्या मशीनवरच्या) काकांना

काका, नमस्कार. समोर बोलायला आले असते तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहूनच टाकते.

काल एक्सआरडीचा, म्हणजे एक्स-रे टाकून आतली अणूंची रचना बघायच्या टेस्टचा, आलेख आला. एकही टोकदार पीक नाही, नुसतं एक रुंद टेकाड! म्हणजे आपला 3 मिमीचा रॉड खरंच मेटॅलिक ग्लास (काचेसारखी विस्कळीत रचना असलेला धातू) झालाय, झटपट थिजताना अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. अणूंच्या टक्केवारीत लोखंड 48, क्रोमियम 15, मोलिब्डेनम 14, कार्बन 15, बोरॉन 6 आणि इट्रियम 2, हेच कॉम्पोझिशन आधी जिथे पैसे भरून करून घेतलं तिथून स्फटिक झालेले रॉड आले, आणि वर मलाच ऐकवलं की तुझं कॉम्पोझिशनच चुकलंय. अहो, 2004 मध्ये अमेरिकेत याच फॅमिलीतले 12 मिमी जाडीचे रॉड झालेत, इट्रियम ऑक्सिजन पकडून ठेवतं म्हणून तर ते घालतात, हे मी किती जणांना सांगितलं. पण मशीनपाशी उभं राहू द्या म्हटलं तर स्टुडंट अलाउड नाही. चेंबरमध्ये ऑक्सिजन किती होता, उरलासुरला ऑक्सिजन शोषायला टायटॅनियम आधी वितळवलं की नाही, एका शब्दाने सांगितलं नाही कुणी.

तुम्ही मात्र आर्गॉन भरून पहिला आर्क टायटॅनियमच्या बटणावर मारलात. ते निळसर पडलं, म्हणजे आत अजून ऑक्सिजन होता, तशी मान हलवलीत, खिडकीचं गॅस्केट काढून बदललंत आणि परत सगळं पहिल्यापासून. माझ्या अलॉयला तोवर हातही लावला नाहीत. दुसऱ्या वेळी टायटॅनियम चांदीसारखं लख्ख राहिलं, आणि तेव्हा तुम्ही डोळ्यांवरची काळी काच काढून माझ्या हातात दिलीत, म्हणालात, "तू बघ आणि तू सांग, आता वितळवायचं का."

काका, त्या क्षणी मला रडू फुटणार होतं. इतके महिने सगळे मला निकाल सांगत होते, विचारलं कुणीच नव्हतं. मग तुम्ही बोरॉन आणि ग्रॅफाइट खाली, जड तुकडे वर असं रचायला शिकवलंत नाहीतर आर्कच्या झोताने उडतं म्हणून, बटण उलटं करून करून वितळवायला लावलंत कारण मोलिब्डेनम 2600 डिग्रीच्या वर वितळतं, आत खडा राहिला तर सगळं वाया. पण ती काळी काच हातात आली ना, तिथून पुढे ते काम माझं झालं.

अशी माणसं लॅबमध्ये असतात म्हणून आमच्यासारख्यांचं काम पुढे सरकतं. पेपरवर त्यांचं नाव नसतं, पण मशीन समजतं त्यांना, आणि ते दुसऱ्याला समजावं असं मनापासून वाटतं त्यांना. अनुभव कपाटात कुलूप लावून ठेवणारे मी भरपूर पाहिलेत.

आता गंजाचं काम. या रॉडमध्ये ग्रेन बाउंड्रीच (स्फटिककणांमधल्या सीमा) नाहीत, क्रोमियम सगळीकडे सारखं पसरलंय, त्यामुळे आम्लाला शिरकाव करायला कच्ची जागा मिळू नये असं धरून चाललेय, सोमवारी हायड्रोक्लोरिकमध्ये टेस्ट लावते. कर्व्ह घेऊन आधी तुमच्याकडेच येईन. आणि थिसिसमध्ये "टेक्निकल स्टाफ" असं मोघम न लिहिता तुमचं पूर्ण नाव टाकणार आहे, त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
3 मिमी रॉडवाली