काका, तुमची सुरी अजून माझ्याकडेच आहे

काका,

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. "सुरीला धार आहे का?" असं काहीतरी विचारून मोकळे होता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, म्हणजे मधेच तोडता येणार नाही.

परवा फ्रीजरच्या तळाला हात लागला. तीन पाकिटं उरली होती, दोन खिम्याची आणि एक नळ्यांचं. हंगाम उघडायला अजून सोळा दिवस आहेत. म्हणजे चार माणसांचं घर वर्षभर शिकारीच्या मटणावर निघालं. एकदा पाहुणे अचानक आले तेव्हा बाहेरून आणावं लागलं, ते सोडून द्या.

नेम धरायला तुम्ही शिकवलं नाहीत. तो मला आधीपासून जमत होता, आणि तेवढ्यावरच मला वाटायचं की आपल्याला शिकार येते. परवाना खिशात, बंदूक खांद्यावर, अजून काय हवं? पहिल्या वर्षीचं ते हरीण आठवतंय ना? संध्याकाळी पाडलं, कोथळा काढला आणि दमलोय म्हणून कातडीसकट शेडमध्ये टांगून झोपायला गेलो. हवा गार होती, म्हणजे मांसही आपोआप गार होईल असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. काही न बोलता मागच्या मांडीत सुरी खुपसलीत, थेट खुब्याच्या सांध्यापर्यंत. बाहेर काढून पातं नाकाशी नेलंत आणि मग तेच माझ्या नाकाखाली धरलंत. वरून मांस लालबुंद, देखणं. पात्याला मात्र आंबूस, ओल्या फडक्यासारखा वास. हाडाजवळची ऊब रात्रभर आतच कोंडली होती. दोन्ही मांड्यांमधलं मिळून नऊ किलो मांस टाकलं आपण त्या दिवशी. तुम्ही एवढंच म्हणालात, "गोळीला एक सेकंद लागतो. पुढचे चार तास कोण काम करणार?"

ते चार तास तुम्ही मला पुढच्या हंगामात शेजारी उभं राहून शिकवलेत. पोट उघडताना पात्याची धार आकाशाकडे, दोन बोटं पात्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे टोक आतड्यात जात नाही. मूत्राशय चिमटीत धरून अलगद काढायचं. श्वासनळी शक्य तितकी वरून कापायची, कारण आत राहिलेला तुकडा सगळ्यात आधी नासतो. छातीच्या पिंजऱ्यात आडवी काठी घालून हवा खेळती ठेवायची. हवा उबदार असेल तर टांगायचा मोह सोडून कातडी लगेच उतरवायची आणि फरे सुटे करायचे. सांधा कापायचा नसतो, शोधायचा असतो, हे मला तुमच्या हाताकडे बघून कळलं. तुमची सुरी हाडावर कधी वाजतच नाही. माझी अजून वाजते.

घाई कुठे करायची आणि कुठे नाही, याचाही मला पत्ता नव्हता. थंड करायची घाई हवी, गोठवायची नको. मी एकदा ताजं, थरथरतं मांस त्याच रात्री फ्रीजरमध्ये टाकलं होतं आणि नंतर ते खाताना सगळ्यांचे जबडे दुखले. मेल्यावर स्नायू आखडतात, तो ताठरपणा उतरायला वेळ लागतो. त्याआधी गोठवलं तर बर्फ सुटताना ते पुन्हा आकसतं आणि चामड्यासारखं होतं. आता चार दिवस थांबतो, शून्य ते चार अंशांच्या मधे.

मधल्या वर्षी कंटाळून मी एक जनावर बाहेर कापायला दिलं होतं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो. परत आलेल्या खिम्यात माझं हरीण किती आणि दुसऱ्यांची किती, देव जाणे. शिवाय त्यात जखमेजवळचं मांसही दळलेलं, दाताखाली कच्चकन आलं तेव्हा समजलं. तेव्हा तुमचा तो जुना हट्ट पटला, की जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता मोठं कापून टाकायचं. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक होऊन दूरवर पसरतात. २००८ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये दान केलेल्या हरणाच्या मटणाची पाकिटं एक्स-रेखाली धरली, तर त्यात धातूचे कण निघाले, आणि तिथल्या अन्नवाटप केंद्रांना ते मटण वाटू नका म्हणून सांगावं लागलं. घरात लहान मूल असताना मी हा धोका का पत्करत होतो, कुणास ठाऊक. गेली तीन वर्षं तांब्याचीच गोळी वापरतो.

आणि तो पुठ्ठ्यावरचा हिशेब! मी विचारलं होतं, "वर्षाला किती जनावरं लागतील?" तुम्ही खोक्याचं झाकण फाडलंत आणि पेन्सिलीने मांडलंत: आठवड्यात चार जेवणं, प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे दोन किलो. बावन्न आठवड्यांचे १०४. एका मध्यम हरणाचं बिनहाडाचं मांस पंचवीस किलोच्या आसपास. म्हणजे चार हरणं, नाहीतर तीन हरणं आणि एक रानडुक्कर. मी सत्तर किलोच्या जनावरातून पन्नास किलो मटण धरून चाललो होतो! तो पुठ्ठा हिने फ्रीजरच्या झाकणाला चिकटवलाय. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि भाग लिहायचं कामही तिचंच, माझं अक्षर तिला लागत नाही.

त्या हिशेबात नळ्या धरल्याचं पाहून मी हसलो होतो. मी नळ्या कुत्र्याला घालायचो. तुम्ही त्या मंद आचेवर चार तास ठेवल्यात, आणि त्या शिरा, ते पांढरे पडदे विरघळून रस्सा बोटांना चिकटायला लागला. आता घरात पाठीच्या मऊ पट्टीपेक्षा नळ्यांवरून जास्त भांडणं होतात.

एक गोष्ट मात्र मी बरेच दिवस थट्टेवारी नेली. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही नुसतं लुसलुशीत, चरबी नसलेलं मटण खात होतो आणि पोरं तासाभरात पुन्हा भुकेजलेली. तुम्ही म्हणालात, "चरबी कुठाय?" आणि मग स्टेफान्सनची गोष्ट सांगितलीत. हा उत्तर ध्रुवाकडचा प्रवासी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली फक्त मांसावर राहिला. सुरुवातीला त्याला नुसतं बिनचरबीचं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांत मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी दिल्यावर गडी ठणठणीत. नुसत्या सशांवर हिवाळा काढणाऱ्यांचेही असेच हाल होतात, म्हणालात. मला वाटलं, काका रंगवून सांगतायत. पण खिम्यात डुकराची चरबी मिसळायला लागलो आणि पोरांची कुरकुर थांबली. हरणाची स्वतःची चरबी मात्र काढूनच टाकतो, टाळूला मेणासारखी चिकटते.

डुकरावरून आठवलं, तुम्ही दिलेला थर्मामीटर अजून चालू आहे. रानडुकराच्या मांसात सूक्ष्म कृमी असू शकतात आणि जंगली जनावरांतल्या या कृमींच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत, हे मी प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो आणि ७१ अंश दिसल्याशिवाय भांडं टेबलावर येऊ देत नाही. मोठा लेक मला "इन्स्पेक्टर" म्हणतो. बारा वर्षांचा आहे, गेल्या हंगामात पहिल्यांदा शेजारी उभा होता. दोन बोटं पात्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायला मी सांगायच्या आधीच त्याने ठेवली. कुठे बघितलंस म्हटलं, तर म्हणाला, "आजोबांनी दाखवलं." तुम्ही केव्हा दाखवलंत, काका? मला पत्ताच नाही.

तुमची ती लाकडी मुठीची छोटी सुरी अजून माझ्याकडेच आहे. "आठवड्यात परत दे" म्हणाला होतात, त्याला सहा वर्षं झाली. धार लावून, तेल पुसून ठेवली आहे. हंगामाआधी आणून देईन असं लिहायला बसलो होतो, पण पोराने ती कालच स्वतःच्या पिशवीत घातली. पहिल्या हरणाचं काळीज मात्र दरवर्षीप्रमाणे तुमच्याकडेच पोहोचेल, त्याच संध्याकाळी.

तुमचा,
शेडवाला