हात हलला, माणूस हलला की फोकस चुकला?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नव्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर घरातले फोटो अंधूक येताहेत, असं लिहिलंयस. इतक्यात लेन्सला दोष देऊ नकोस. बिघडलेला एक फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघ. अख्खं चित्र एकाच दिशेनं ओढल्यासारखं दिसलं तर तुझा हात हललाय. भिंत, खुर्ची स्पष्ट आणि माणूसच फरफटल्यासारखा असेल तर माणूस हललाय. चेहरा अंधूक पण मागचा पडदा रेखीव असेल, तर मात्र फोकस चुकलाय. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

आधी हाताचं. लेन्स जितकी लांब, तितकी हाताची थरथर मोठी दिसते. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा, लहान आहे, म्हणून फोकल लेंग्थला (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला) दीडनं गुणायचं आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) एक भागिले त्या आकड्याइतक्या सेकंदाहून सावकाश ठेवायचं नाही, साधारण असं: ५५ मिमीला १/८० सेकंद, १८ मिमीला १/३०. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन चालू असेल तर याहून थोडं खाली जाता येतं, पण ते फक्त तुझा हात सावरतं. पळणाऱ्या पोराला १/२५० तरी हवाच, १/५०० असेल तर उत्तम.

आता किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ची) गंमत बघ. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. १८ला ती एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ला फक्त एफ/५.६. म्हणजे झूम केलंस की प्रकाश निम्म्याहून कमी येतो आणि वर शटरही अडीच पटींहून जलद लागतं. दोन्ही मिळून प्रकाशाची गरज सहा-सात पट वाढते! म्हणून संध्याकाळी घरात झूम न करता दोन पावलं पुढे जा. चेहरा मात्र १८वर अगदी जवळून काढू नकोस, नाक फुगतं. ३५च्या आसपास बरं पडतं.

डायल ‘ए’वर ठेव (कॅननवर ‘एव्ही’). अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) तू ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो. गोची इथेच होते. प्रकाश कमी असला तरी कॅमेरा तक्रार करत नाही, निमूटपणे १/१५ निवडतो आणि फोटो काढतो. म्हणून बटण अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधला (डोळा लावायच्या खिडकीतला) शटरचा आकडा वाचल्याशिवाय पुढे दाबायचं नाही. एफ/५.६ आणि आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) ४००ला १/१५ येत असेल, तर आयएसओ ३२०० कर. आठपट वाढला की शटर सुमारे १/१२५ला जातं. दाणे दिसतील, दिसू देत. दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला फोटो मात्र गेलाच.

फोकस चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सगळे फोकस पॉइंट (व्ह्यूफाइंडरमधल्या फोकसच्या खुणा) चालू असणं. मग कॅमेरा बहुतेक वेळा जवळची किंवा ठळक रेघांची वस्तू धरतो. एकच पॉइंट निवड, तो डोळ्यावर ठेव, बटण अर्धं दाबून धर, मग चौकट जुळव. पण माणूस पुढे-मागे सरकला तर हे कुलूप फसतं. तेव्हा एएफ-सी, म्हणजे सतत फोकस जुळवत राहणारा मोड वापर (कॅननवर एआय सर्वो). खूप जवळ गेलास आणि बटण दाबूनही क्लिक झालं नाही, तर कॅमेरा बिघडलेला नाही. लेन्सची किमान अंतराची मर्यादा आली, इतकंच. आणि व्ह्यूफाइंडरमधले आकडेच पुसट दिसत असतील, तर शेजारचं छोटं चाक फिरवून ते तुझ्या नजरेला जुळवून घे.

उजेडाबद्दल थोडंसंच. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे पांढरी भिंत मळकट येते आणि काळा कोट फिका. भिंतीला +१, कोटाला -१ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) देऊन बघ, आणि नंतर ते शून्यावर आणायला विसरू नकोस. मॅन्युअल मोडच्या (शटर, अॅपर्चर दोन्ही स्वतःच ठरवायच्या) मागे सध्या लागू नकोस. लोक उगाच त्याचा बडेजाव करतात.

पुढच्या वेळी बिघडलेले दोन-तीन फोटो पाठव, पण मूळ फाइल ई-मेलनं. शटर, अॅपर्चर, आयएसओ सगळं त्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं. मेसेजमधून साधा फोटो म्हणून पाठवलास तर ती नोंद बहुधा गळून पडते आणि मला नुसता अंदाज करत बसावं लागेल.

तुझा,
अविनाश