टेसलच्या विहिरी आणि वेंगुर्ल्याची वखार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नेदरलँड्सबद्दल काही आलं की ट्यूलिप, पवनचक्क्या, ॲमस्टरडॅमचे कालवे असं सगळं असतं, ते मी आवडीने वाचतो. पण सहा वर्षं इथे उट्रेख्तला राहून जे कधी बघितलं नव्हतं ते ऑगस्टमधल्या एका शनिवार-रविवारी बघून आलो आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून हे पत्र.

आम्ही पाच मित्र टेसल बेटावर गेलो होतो. नकाशात नाव टेक्सल वाचाल, पण इथे सगळे टेसल म्हणतात. डेन हेल्डरपर्यंत ट्रेन आणि पुढे बोट, २० मिनिटांत बेटावर. बोटीवर शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांनी सांगितलं की टेसो ही बोटीची कंपनी १९०७ साली बेटावरच्याच लोकांनी पैसे गोळा करून काढली, आधीच्या बोटीचा कारभार पटत नव्हता म्हणून, आणि त्यांच्या घरात आजोबांनी घेतलेला शेअर अजून आहे. किती अभिमानाने सांगत होत्या!

पहिला दिवस सायकलवर गेला. जिकडे तिकडे मेंढ्या आणि समोरून वारा, असा की उतारावरही पॅडल मारावं लागत होतं. संध्याकाळी स्लुफ्टर नावाच्या जागी पोचलो. तिथे वाळूच्या टेकड्यांच्या रांगेत एक खिंड आहे, तिच्यातून भरतीचं पाणी थेट आत शिरतं. एकोणिसाव्या शतकात समुद्राने इथे बांध फोडला, लोकांनी तो बुजवायची खटपट केली पण जमलं नाही, शेवटी समुद्राला वाट सोडून दिली. आता तिथे खाऱ्या पाण्यातली जांभळी फुलं पसरलेली असतात आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही भागात माणसांना जायची बंदी असते. समुद्र मागे हटवणारा देश असंच आपण शाळेत शिकलो ना, तर त्यांनी समुद्राला मुद्दाम जागा ठेवलीये हे बघून फार बरं वाटलं.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल. औदस्खिल्ड हे बेटाच्या पूर्वेकडचं बंदर, तिथे काप स्किल नावाचं म्युझियम आहे. आशियाला जाणारी डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं याच किनाऱ्यासमोर नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची वाट बघत थांबायची, कधी कधी आठवडेच्या आठवडे. त्या सगळ्या देखाव्याचं एक भलंमोठं मॉडेल तिथे आहे, शेकडो छोटी जहाजं, होड्या, किनाऱ्यावरची घरं. समुद्रात बुडालेल्या एका जहाजातून पाणबुड्यांनी वर काढलेला सतराव्या शतकातला रेशमी पोशाखही याच म्युझियमचा, साडेतीनशेच्या वर वर्षं वाळूखाली राहून टिकलेला.

आमच्यातला एक जण वेंगुर्ल्याचा आहे. तो त्या मॉडेलसमोर उभा राहिला तो हलेचना. सतराव्या शतकात याच कंपनीने वेंगुर्ल्यात वखार काढली होती, गोव्याच्या पोर्तुगीजांना वेढून बसलेल्या डच जहाजांना रसद तिथूनच मिळायची. तो म्हणाला, "अरे, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे ती वखार, लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो आणि तेव्हाच तिची पडझड झालेली होती, ती कुणाची, का बांधली, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही."

मग आम्ही सायकली काढून विहिरी बघायला गेलो. जहाजांना महिनोन्‌महिने पुरेल असं पाणी लागायचं आणि इथल्या विहिरींच्या पाण्यात लोह असल्यामुळे ते पिंपात जास्त दिवस टिकायचं. पिंपं भरून कालव्याने बंदरात न्यायचे. त्या पाण्याचे पैसे जायचे बेटावरच्याच डेन बुर्ख गावातल्या अनाथाश्रमाला, म्हणून विहिरींचं नाव वेझनपुटन, अनाथांच्या विहिरी. बघायला गेलं तर गवताळ रानातल्या साध्या विहिरी आहेत, त्यात भव्य काहीच नाही, तरी त्या जपून ठेवल्यात आणि बेटावरच्या लोकांना त्यांची गोष्ट माहितीये.

वेंगुर्ल्याचा मित्र तिथे बराच वेळ बसून होता, बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथेच गवतावर बसून खाल्ली. परतीच्या बोटीवर त्याने आईला फोन लावला आणि वखारीचे आत्ताचे फोटो काढून पाठव म्हणाला. फोटो आले. एवढी मोठी वास्तू, जाड जाड भिंती आणि त्यात रान वाढलेलं. आम्ही पाचही जण एका फोनभोवती गोळा होऊन ते बघत होतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की आपल्या पुरवणीत वेंगुर्ल्याच्या वखारीवर सविस्तर लेख यावा, तिथे राहणाऱ्या, लहानपणी तिथे खेळलेल्या जुन्या माणसांशी बोलून लिहिलेला. टेसलचे विहिरींचे आणि म्युझियमचे फोटो लागले तर मी आनंदाने पाठवीन. आणि ज्यांची मुलं-सुना इकडे आहेत त्या वाचकांनी भेटीला आल्यावर एक शनिवार-रविवार टेसलसाठी जरूर ठेवावा. विंडचीटर मात्र विसरू नका, ऑगस्टमध्येही लागतो.

आपला,
एक वाचक, उट्रेख्त