तक्रार: फ्रेटची टोके हात कापतात, आणि दोष सांगलीच्या हवेचा नाही

सांगली, १८ मार्च २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पाच इलेक्ट्रिक गिटारींच्या फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोके धारदार असणे, त्यावर मिळालेले चुकीचे उत्तर आणि एका गिटारीची बिघडवलेली दुरुस्ती याबाबत.

महोदय,

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्रामबागेतील आमच्या गिटार वर्गासाठी आपल्याकडून एकाच मॉडेलच्या पाच इलेक्ट्रिक गिटारी घेतल्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाचही नेकच्या (गिटारीच्या लांब मानेच्या) कडा हाताला लागू लागल्या. डावा हात पहिल्या फ्रेटकडून बाराव्याकडे सरकवला की तर्जनीच्या बुडाशी ओरखडे उठतात. जॉर्जेटच्या ओढणीचा तुकडा कडेवरून ओढला तर हमखास दोरा निघतो. २४ फेब्रुवारीला तक्रार नोंदवली. आपले उत्तर दोन ओळींचे: हा हवामानाचा परिणाम आहे, वॉरंटीत बसत नाही, पावसाळ्यात आपोआप जाईल. पाठपुरावा केल्यावर एक गिटार आपल्या पुण्यातील सेवा केंद्राने मागवून घेतली आणि जशी गेली त्याहून वाईट करून परत पाठवली. तिच्याबद्दल पुढे लिहितोच.

ती पुण्याला पाठवण्याआधी आम्ही पाचही गिटारी मोजून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला २२ फ्रेट, म्हणजे ४४ टोके, एकूण २२०. स्टीलची सहा इंची पट्टी फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या लाकडी फळीच्या) बाजूला उभी टेकवायची, ती फ्रेटच्या टोकांवर बसते, मग पट्टी आणि लाकूड यांच्या फटीत फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाची) पाती घालून बघायची. उठलेली टोके ओळखायला साधा झेरॉक्सचा कागद पुरतो. तो साधारण ०.१ मिमी जाड असतो, फ्रेटच्या डोक्याखाली सरकला तर टोक बसलेले नाही हे नक्की. हिशेब असा निघाला: ५८ टोके लाकडाच्या बाहेर आलेली, बहुतेक ठिकाणी ०.१५ ची पाती जाते, ०.२० ची अडते. १२ टोके खाचेतून वर उठलेली. ११ ठीक. उरलेली १३९ टोके लाकडाशी अगदी समपातळीत आहेत, पट्टीला फटच नाही, तरीही कापतात.

या १३९ टोकांना हवामान कसे लागू पडते, ते आपण कळवावे.

लाकूड आकसते हे आम्हाला मान्य आहे. फ्रेटची तार जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल (चांदीचा नावापुरताही अंश नाही). हवेतल्या ओलीने तिची लांबी बदलत नाही. लाकूड मात्र ओल सोडते तेव्हा रेषांना आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. बाराव्या फ्रेटपाशी फ्रेटबोर्ड ५२ मिमी रुंद आहे. रोजवुडातली ओल चार टक्क्यांनी उतरली तर तिथे लाकडाच्या कापणीनुसार ०.२ ते ०.४ मिमी रुंदी कमी होते, दोन्ही बाजूंना वाटून ०.१ ते ०.२. आमच्या मोजणीशी हे जुळते. बाहेर आलेल्या ५८ पैकी बहुतेक टोके बाराव्या फ्रेटच्या पुढची आहेत, तेही बरोबरच. तिथे फ्रेटबोर्ड रुंद, म्हणून आकसही जास्त. एवढ्यापुरते आपले उत्तर खरे आहे.

पण कापते ते टोक बाहेर आल्यामुळे नाही, टोक अर्धवट सोडल्यामुळे. कारखान्यात सगळी टोके एकदम साधारण ३५ अंशांच्या उतारात घासली जातात. त्या एका घासण्याने प्रत्येक टोकाला दोन कोपरे तयार होतात, एक नटच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) बाजूला आणि एक ब्रिजच्या (गिटारीच्या अंगावर तारा टेकतात त्या) बाजूला, आणि त्यांवर बर, म्हणजे घासल्यावर उरलेली धातूची कुसळे, राहतो. हात नेकवर मागेपुढे सरकतो तो नेमका याच कोपऱ्यांवरून. ते एकेक करून हाताने गोल करावे लागतात. एका गिटारीला ८८ कोपरे. वेळखाऊ काम, म्हणून स्वस्त गिटारीत हेच पहिले वगळले जाते. भिंगातून पाहिले तर आपल्या फ्रेटवर उताराच्या सरळ घासणीच्या रेषा कोपऱ्यापर्यंत अखंड जातात आणि तिथे खटकन तुटतात. तिकोनी कानस तिथे एकदाही फिरलेली नाही. ऑगस्टमध्ये हे जाणवले नाही, कारण लाकूड फुगलेले होते आणि ही धार त्याच्या कडेआड होती. लाकूड मागे हटले, धार उघडी पडली. त्याच खोलीत, त्याच भिंतीवर दुसऱ्या बनावटीची, रोजवुडच्याच फ्रेटबोर्डची जुनी गिटार टांगलेली आहे. तिचीही चार-सहा टोके ०.१ मिमी बाहेर आहेत. बोटाला कळतात, ओरखडत नाहीत. ती गोल केलेली आहेत.

पावसाळ्याची वाट पाहण्याचा आपला सल्लाही तपासून पाहिला. एक गिटार बॅगेत ठेवली, भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून आणि सोबत हायग्रोमीटर ठेवून. खोलीत ३० ते ३४ टक्के आर्द्रता होती, बॅगेत ती चौदा दिवस ४८ ते ५० वर राखली. त्या गिटारीची बाहेर आलेली १३ टोके होती, त्यातली ८ समपातळीत गेली. धारदार कोपरे मात्र होते तसेच. धातू पाणी पीत नाही.

बरे, सांगलीची ही हवा काही यंदाच आलेली नाही. फेब्रुवारी ते एप्रिल इथे हवा इतकी कोरडी असते की तासगाव-कवठेमहांकाळकडे शेडमध्ये, सावलीत, पंधरा-वीस दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात. दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचा पडदा, म्हणजे तिचा फ्रेट, दांडीला दोऱ्याने बांधलेला असतो, लाकूड आकसले तर बंध ढिला पडतो आणि पुन्हा ताणून बांधता येतो. गिटारीत ती सोय नाही, फ्रेट खाचेत ठोकलेला. म्हणूनच नेकचे लाकूड ६ ते ८ टक्के ओलीपर्यंत वाळवून मगच खाचा पाडायच्या असतात. आपल्या या खेपेचे लाकूड किती ओलीवर कापले, याची नोंद आम्हाला हवी आहे.

आता पुण्याहून परत आलेली गिटार. कामाच्या पावतीवर ‘फ्रेट एंड फाइलिंग, ट्रस रॉड अ‍ॅडजस्टमेंट’ एवढेच लिहिले आहे, म्हणजे फ्रेटची टोके घासली आणि नेकचा बाक ठरवणारा आतला दांडा फिरवला. प्रत्यक्षात झाले ते असे. जाड दात्यांची कानस कडेला खालून वर ओढली आहे. खुणा स्पष्ट दिसतात. फ्रेटचे टोक खालून वर घासले की ते उचकटते, म्हणून आधी नीट बसलेली दोन टोके आता उठली आहेत. पहिल्या तारेच्या बाजूला सात ठिकाणी नेकचे लॅकर खरवडून कोरे लाकूड उघडे पडले आहे, पावसाळ्यात ओल आधी तिथूनच शिरणार. उतार ३५ वरून अंदाजे ४५ अंशांवर गेला आहे. याचा तोटा वाजवताना कळतो: फ्रेटचा वरचा सपाट भाग दोन्हीकडून आखूड झाला. पंधराव्या फ्रेटवर पहिली तार आणि त्या भागाची कड यांत आधी जवळपास ३ मिमी जागा होती, आता २ सुद्धा नाही. पुल-ऑफ केला (दाबलेले बोट तार ओढत उचलले) की तार फ्रेटवरून घसरून खाली पडते. गेलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे त्या नेकवर आता फ्रेट बदलण्याशिवाय इलाज उरलेला नाही.

शिवाय पिकअपवर (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकांवर) टेप न लावता स्टील वूल फिरवले आहे. जर्मन सिल्व्हरचा कीस चुंबकाला चिकटत नाही, स्टील वूलचे तंतू चिकटतात. दोन्ही पिकअपच्या खांबांना मिशा फुटल्यासारखे दिसते. आणि ट्रस रॉड का आवळला? टोकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्यापाशी ०.२ ते ०.२५ मिमी फट असायला हवी. आता तिथे शून्य आहे आणि पहिल्या चार फ्रेटवर सगळ्या तारा खरखरतात.

उरलेल्या चार गिटारींवर हाच प्रयोग होऊ नये म्हणून काम कसे व्हायला हवे ते लिहून देतो. तारा उतरवाव्यात, नेकखाली आधार द्यावा, पिकअप पूर्ण झाकावेत आणि फ्रेटबोर्डला कमी चिकट मास्किंग टेप लावावी. आधी उठलेली टोके बघावीत: खाचेत पातळ सुपरग्लूचा एक थेंब, वरून लाकडी ठोकळा आणि क्लॅम्प, सुकेपर्यंत हलवायचे नाही. हे आधीच करायचे, कारण उठलेले टोक घासले तर ते बसवल्यावर आखूड पडते. मग आठ इंची, बारीक, एकेरी दात्यांची कानस कडेला सपाट धरून नेकच्या लांबीच्या दिशेने हलके फिरवावी. टोकांवर आधी मार्करचा ठिपका द्यावा. ठिपका गेला आणि कानस लॅकरला टेकल्याचा आवाज बदलला की थांबावे. तो आवाज ऐकू येतो, पंखा बंद ठेवला तर.

उताराला जवळजवळ हात लावायचा नाही. फक्त बर काढायचा. खरे काम कोपऱ्यांचे. तिकोनी कानसेच्या कडा घासून बोथट केलेल्या हव्यात, नाहीतर ती लाकडात चर पाडते. एकेका कोपऱ्याला दोन-तीन हलके हात, दिशा नेहमी वरून खाली. मग ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर, बोटावर गुंडाळून. शेवटी टेप काढून फ्रेटबोर्डला लेमन ऑइलचे चार-पाच थेंब, आणि पुसून कोरडे. जाणत्या हाताला एका गिटारीमागे दोन ते तीन तास लागतात. आणि हे काम आत्ताच, मार्च-एप्रिलमध्ये व्हायला हवे. लाकूड सर्वात अरुंद असताना घासलेली टोके पावसाळ्यात केसभर आत जातात, हाताला लागत नाहीत. पावसाळ्यात घासली तर पुढच्या मार्चला पुन्हा आपल्याला पत्र लिहावे लागेल.

आमची मागणी: सेवा केंद्राने बिघडवलेल्या गिटारीला नवा नेक द्यावा. नेक चार स्क्रूंचा बोल्ट-ऑन आहे, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, अख्खी गिटार बदलण्याचा आग्रह नाही, पण नव्या नेकची टोके गोल केलेली हवीत आणि पिकअप साफ करून मिळावेत. बाकी चार गिटारींसाठी एकतर जाणता कारागीर सांगलीला पाठवावा, नाहीतर इथे काम करून घेण्याचा खर्च लेखी मंजूर करावा. गिटारी पुन्हा पुण्याला पाठवणार नाही. ‘हवामानाचा परिणाम’ हे उत्तर लेखी मागे घ्यावे, म्हणजे पुढच्या ग्राहकाला तेच चिकटवले जाणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. या गिटारी उपजीविकेसाठी, स्वतः शिकवण्यासाठी घेतल्या आहेत, पुनर्विक्रीसाठी नाही, हे आत्ताच नमूद करतो. ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे त्यासाठीही आम्हाला पुण्याला यावे लागणार नाही.

आपले,
गिटार वर्गाचे चालक
विश्रामबाग, सांगली

सोबत: खरेदी पावती, सेवा केंद्राची पावती, २२० टोकांच्या मोजणीचा तक्ता, भिंगातून घेतलेली १६ छायाचित्रे, आणि दोरे निघालेला ओढणीचा तुकडा.