बेंगळूरच्या इतिहासातली पन्नास वर्षं कुठं गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपण राजधानी बेंगळूर कसं वसलं यावर लेख छापलात. आमच्या घरी सगळ्यांनी वाचला, मुलगा तिकडंच आयटीत आहे त्यामुळं त्यालाही फोटो काढून पाठवला. लेख चांगलाच आहे, पण त्यात केंपेगौडांनी १५३७ ला शहर वसवलं आणि लगेच पुढच्या परिच्छेदात हैदर अली, टिपू, मग इंग्रज, मग कंपन्या. मधली दोनशे वर्षं सरळ गाळली. आणि त्या दोनशेतली जवळजवळ पन्नास वर्षं बेंगळूर भोसल्यांच्या ताब्यात होतं, त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. हे मला खरंच लागलं म्हणून लिहायला बसलो.

केंपेगौडांचं श्रेय कमी करायचं माझ्या मनातही नाही. विजयनगरचे मांडलिक, यलहंकाचे नाडप्रभू, त्यांनी मातीचा किल्ला बांधला, चौकात नांगर जुंपून चार दिशांना रस्ते आखले म्हणून सांगतात, आणि एकेका धंद्याला एकेक पेठ दिली, अक्कीपेट तांदळाची, कुंभारपेट कुंभारांची, बळेपेट बांगड्यांची. पाण्याला तळी खोदली. आपल्या बेळगावच्या रात्रीच्या बस सकाळी ज्या मॅजेस्टिकला पोचतात, तो स्टँड म्हणजे त्यातल्याच धर्मांबुधी तळ्याची जागा, हे उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? गाव मात्र केंपेगौडांच्याही आधीचं. बेगूरच्या नागेश्वर देवळातल्या नवव्या शतकातल्या वीरगळावर बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. म्हणजे म्हातारीनं होयसळ राजाला उकडलेले दाणे खायला दिले आणि त्यावरून गावाला बेंगळूर नाव पडलं ही जी गोष्ट सगळे सांगतात, तिच्यापेक्षा तो दगड जुना.

आता गाळलेली पन्नास वर्षं. १६३८ ला विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान आणि त्याच्याबरोबर शहाजीराजे कर्नाटकात उतरले, बेंगळूर घेतलं, तिथल्या केंपेगौडाला (शहर वसवणाऱ्यांच्या वंशातला, त्याच नावाचा) मागडीकडं जावं लागलं. बेंगळूर शहाजीराजांना जहागिरीत मिळालं आणि पुढं कोलार, होस्कोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा मुलुखही त्यांच्याकडं आला. राजे नुसते वसुली करून निघून गेले नाहीत, त्यांनी तिथं राहून कारभार केला, दरबार भरवला. जिजाऊ आणि बाल शिवाजी काही काळ बेंगळूरला राहून मग पुण्याला गेले. त्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचं राधामाधवविलासचंपू हे काव्य आजही उपलब्ध आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते संपादून छापलं, आणि त्यात संस्कृतबरोबर कितीतरी भाषांतली कवनं आहेत, इतक्या भाषा बोलणारे लोक त्या दरबारात ये-जा करत होते. राजे १६६४ ला गेले तेही तिकडंच, चन्नगिरीजवळ होदिगेरेला, समाधी तिथंच आहे. बेळगावहून बेंगळूरला गाडीनं जाणाऱ्यांना दावणगेरेला हायवे सोडला की तिथं जाता येतं, पण वाकडी वाट करून जाणारे फार थोडे.

त्यांच्यानंतर जहागीर त्यांचे चिरंजीव, शिवाजीराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजांकडं आली, आणि इथं मला मुद्दाम एक गोष्ट सांगायची आहे. मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराचं देऊळ आहे. झाडीतलं, पायऱ्या चढून जायचं, समोर नंदीतीर्थ, तिथं नंदीच्या तोंडातून सतत पाणी पडत असतं. या देवाला व्यंकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिलं, त्याचा १६६९ चा शिलालेख आहे आणि तो कन्नडमध्ये आहे. बघा, भोसल्यांच्या घरातला राजा, कानडी मुलखातला देव, आणि दानाचा लेख तिथल्या रयतेला वाचता येईल अशा भाषेत. पुढं १८९८ ला बेंगळूरला प्लेगची साथ आली, पेठांतली दाटी कमी करायला नवी वस्ती आखली, तिला या देवळावरूनच मल्लेश्वरम नाव पडलं. आपल्याकडची कितीतरी पोरं नोकरीसाठी त्या भागात भाड्यानं राहतात आणि त्यांना यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं.

शेवट चटकन झाला. व्यंकोजीराजे तंजावरला गेल्यावर इतक्या लांबून बेंगळूर सांभाळणं जड जात होतं, १६८७ ला मोगलांच्या कासिमखानानं ते घेतलं आणि थोड्याच काळात तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडं गेलं. पुढचं हैदर, टिपू, १७९१ चा कॉर्नवॉलिसचा वेढा, १८०९ ची इंग्रजांची छावणी, ते आपल्या लेखात सविस्तर आलंच आहे.

आमच्याकडं राजधानीचा विषय निघाला की बोलणं लगेच १९५६ च्या राज्यपुनर्रचनेवर येतं. ते येणारच, ज्यांनी सोसलंय ते बोलणार, सीमाप्रश्न त्याच्या जागी आहे आणि मी तो इथं काढत नाही. पण त्यामुळं एक झालंय, बेंगळूर म्हणजे आपला काही संबंध नसलेलं गाव असं आपणच धरून चाललोय. शहाजीराजे म्हटलं की आपण पुणे, शिवनेरी, वेरूळ एवढंच सांगतो. तिकडचे लोक राजधानीचा इतिहास सांगताना केंपेगौडांवरून थेट हैदरवर येतात. दोघांनी मिळून एक अख्खा काळ पुसत आणला आहे आणि मला वाटतं नुकसान दोघांचंही आहे. बेंगळूरच्या चिकपेट, कब्बनपेटच्या बाजूला आजही भावसार आहेत, नामदेव शिंपी आहेत, घरात कानडी मिसळलेली मराठी बोलतात. आपल्या शहापूर-वडगावातली मराठी त्यांना परकी वाटायची नाही.

माझी विनंती एवढीच की या पन्नास वर्षांवर आपण एक लेखमाला करावी आणि लिहिणारे मराठी-कन्नड दोन्हीकडचे जाणकार असावेत, शिलालेखाचा फोटो आणि त्याचा अर्थही छापावा. डिसेंबरात खानापूर, निपाणी, बेळगावच्या शाळांच्या सहली बेंगळूरला निघतात, विधानसौध, लालबाग, विश्वेश्वरय्या म्युझियम बघून पोरं परत येतात. त्याच्या आधी लेखमाला आली तर सरांना आणि बाईंना सहलीच्या यादीत काडू मल्लेश्वराचं देऊळ घालता येईल, मॅजेस्टिकपासून ते काही लांब नाही.

आपला,
एक नियमित वाचक
शहापूर, बेळगाव