१२० अंशांच्या हीट पंपाबाबत शेवटची लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि सेवा विभागप्रमुख

विषय: डाय हाउसच्या (कापड रंगवण्याच्या विभागाच्या) सांडपाण्यातली उष्णता विजेच्या जोरावर वरच्या तापमानाला चढवणारा ५०० किलोवॅटचा हाय टेम्परेचर हीट पंप. करारातली कामगिरी न मिळणे, सतत ट्रिप होणे (आपोआप बंद पडणे) आणि आज फोनवर मिळालेला सल्ला.

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच खाली ठेवला आहे, त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालत बसत नाही.

यंत्र तुमचं आहे. ते काय करतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही, काय करत नाही तेवढं सांगते. करार असा: ६० अंशांचं सांडपाणी ५० पर्यंत उतरवायचं, पलीकडे १२० अंशांची सॅच्युरेटेड वाफ द्यायची, उष्णता ५०० किलोवॅट, सीओपी (खर्चलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा) २.८. आमचं फीड वॉटर ८० अंशांचं आहे, म्हणजे तासाला साधारण ७५० किलो वाफ मिळायला हवी. प्रत्यक्षात आमच्या मीटरवर दिवसाचा सीओपी २ च्या वर जात नाही, आणि तो यंत्र चालू असतानाचा. बाकीचा वेळ ते 'लो सुपरहीट'चा (गॅस त्याच्या उकळबिंदूच्या पुरेसा वर तापलेला नसल्याचा) लाल दिवा लावून उभं असतं. ज्या बॉयलरला तुमच्या विक्री प्रतिनिधीने 'आता भंगारात काढा' म्हटलं होतं, तोच बॉयलर इमानेइतबारे वाफ देतो आहे.

कारण काही गूढ नाही. डाय हाउसचं सांडपाणी एका तापमानाला येत नाही. रंगाईचं जेट मशीन रिकामं झालं की ७० च्या वरचं येतं, मागोमाग गार धुवणाचं पाणी सुटलं की इनलेट ४५ पर्यंत खाली येतं. हे तुम्हाला ऑर्डरच्या आधीपासून माहीत होतं. आमच्या लॉगबुकची पानं तुमच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरने मोबाइलवर फोटो काढून नेली होती, वर 'एक्सलंट डेटा' अशी शाबासकीही दिली होती. त्या एक्सलंट डेटाची तुम्ही सरासरी काढलीत, ती ६० आली, आणि यंत्र ६० वर निवडलंत. पहिल्या ऑफरमध्ये गरम-गार पाणी एकत्र करून तापमान सारखं ठेवणारी बफर टाकी होती. भावाची घासाघीस झाली तेव्हा ती टाकी तुम्हीच वगळलीत आणि ईमेलमध्ये लिहिलंत की चढउतार कंट्रोल लॉजिक सांभाळून घेईल. तो ईमेल सोबत जोडला आहे.

लॉजिकने काय सांभाळलं ते बघा. यंत्रात आर-१३३६एमझेडझेड(झेड) गॅस आहे. क्रिटिकल तापमान १७१ अंश, जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत जागतिक तापमानवाढीची क्षमता) २, ब्रोशरवर हे सगळं झळकतं आणि ते खरंही आहे. पण अमोनियासारखा हा गॅस दाबला की आपोआप कोरडा होत नाही. त्याची सॅच्युरेशन रेषाच (द्रव आणि वाफ यांच्यातली सीमा) अशी कललेली आहे की सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, पुरेसा सुपरहीट नसेल तर दाबतादाबताच थेंब धरतात. म्हणून तर तुम्ही सक्शनचा गॅस आणखी तापवणारा इंटर्नल हीट एक्स्चेंजर बसवता. गार पाण्याचा लोंढा आला की तो एक्स्चेंजर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दोघंही मागे पडतात, सुपरहीट कोसळतो आणि यंत्र ट्रिप होतं. इथपर्यंत यंत्राचं काही चुकत नाही. ते स्वतःचा जीव वाचवतं.

तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरला मात्र तेच खटकलं. त्याने लॅपटॉप जोडला, सुपरहीटची ट्रिप मर्यादा १२ अंशांवरून ४ वर आणली आणि रिपोर्टवर 'समस्या दूर' असं लिहून आमच्या शिफ्ट इन्चार्जची सही घेतली. ट्रिप थांबले, हे खरं. पुढच्या आठवड्यात ऑइल सेपरेटरच्या साइट ग्लासमध्ये साबणाच्या पाण्यासारखा फेस दिसायला लागला. तेलाचा नमुना तपासून घेतला तर व्हिस्कॉसिटी तुमच्याच मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या खाली. तेलात गॅस विरघळला की बेअरिंगचं काय होतं, हे तुमच्या कॉम्प्रेसर विभागात कुणालाही विचारा. मर्यादा आम्ही परत १२ वर नेली. यंत्र परत ट्रिप व्हायला लागलं. आम्ही परत फोन केला.

आता आजचा फोन. आधी एका मुलीने खोली किती चौरस फुटांची आहे ते विचारलं. तिला दोष देत नाही, तिच्यासमोर एसीचा फॉर्म उघडला होता. तिने फोन 'सीनियर टेक्निकल'कडे जोडला. या गृहस्थांनी पहिल्यांदा विचारलं, "मॅडम, तिथे कुणी टेक्निकल सर असतील तर फोन देता का?" युटिलिटी माझ्याकडेच आहे, बोला, असं सांगितलं. पुढचं संभाषण जसंच्या तसं लिहिते, कारण तुमच्याकडे 'क्वालिटी आणि ट्रेनिंगसाठी' रेकॉर्डिंग असतंच.

"मॅडम, तुमचं इनलेटचं पाणी थंड आहे."

"आहे ना. लॉगबुकमध्ये दाखवलं होतं."

"मग ते गरम ठेवावं लागेल."

"कशाने?"

"साइटवर बॉयलर असेल ना? त्याची थोडी वाफ तुमच्या कलेक्शन पिटमध्ये सोडा. इनलेट साठला स्टेबल होईल. मशीन मस्त चालेल."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, यावेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला गणित समजावतात त्या सुरात. मी विचारलं, "अहो, मग ती वाफ थेट डाय हाउसलाच दिली तर?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "तेही करता येईल मॅडम. पण मग आपला सीओपी कसा दिसणार?"

'आपला' सीओपी! म्हणजे इंधन जाळून बॉयलरमध्ये वाफ करायची, ती सांडपाण्यात सोडून ६० अंशांवर आणायची, मग वीज खर्चून तीच उष्णता पुन्हा १२० वर चढवायची, आणि तुमच्या डॅशबोर्डवर २.८ चा हिरवा आकडा बघून टाळ्या वाजवायच्या. वाया जाणारी उष्णता वापरण्यासाठी हे यंत्र घेतलं होतं. आता त्याला पुरेल इतकी उष्णता वाया घालवायची सोय आम्हीच करायची. असा सल्ला द्यायला तुमच्याकडे 'सीनियर' पद लागतं, तर ज्युनिअर काय सुचवत असतील याची धास्ती वाटते.

तुमच्या रीजनल मॅनेजरनी मागे लिहिलं होतं की इनलेट तापमानाचा सीओपीवर परिणाम 'किरकोळ' असतो. तापमानांतलं अंतर वाढलं की सीओपी घटतो, हा कार्नोच्या १८२४ सालच्या मांडणीतून येणारा नियम तुमच्या रीजनल ऑफिसपर्यंत अजून पोचलेला दिसत नाही. कंडेन्सिंग (गॅस उष्णता सोडतो ते तापमान) १२३ अंश, म्हणजे ३९६ केल्विन. इव्हॅपोरेशन (गॅस उष्णता घेतो ते तापमान) ४६ ला असेल तर आदर्श सीओपी ५.१, आणि ३४ ला उतरलं तर ४.४. कागदावरच सातवा हिस्सा गेला. त्यावर सक्शनचा गॅस विरळ होतो, तोच कॉम्प्रेसर कमी वजन ओढतो आणि वाफही घटते. हे किरकोळ असेल तर इंधनाच्या बिलातला तेवढा किरकोळ फरक तुम्ही भरा.

लिंटचं थोडक्यात लिहिते. प्लेट एक्स्चेंजर कापडाच्या तंतूंनी बुजतो. डाय हाउसच्या पाण्यात तंतू असणार हे कळायला संशोधन लागत नाही. वाइड गॅप प्लेट किंवा सेल्फ क्लीनिंग फिल्टर आधीच द्यायला हवा होता. 'क्लायंट स्कोप', म्हणजे ते ग्राहकाचं काम, हे उत्तर पुन्हा पाठवू नका.

तंत्रज्ञानावर माझा राग नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हीट पंप कार्यक्रमातल्या ॲनेक्स ५८ मध्ये १०० अंशांच्या वर उष्णता देणाऱ्या यंत्रांची माहिती उत्पादकांनी स्वतः दिलेली आहे, सीओपीच्या शेजारी सोर्स (उष्णता घेतात ती बाजू) आणि सिंकची (देतात ती बाजू) तापमानं मांडून. तुमच्या ब्रोशरवर सीओपी ठळक आणि तापमानं तळटीपेत, भिंग घेऊन वाचावी लागतील अशी. तुमचे चिलर आमच्याकडे वर्षानुवर्षं विनातक्रार चालले आहेत. त्या भरवशावर मी संचालकांसमोर तुमच्या नावाची शिफारस केली आणि स्वस्त ऑफर बाजूला ठेवली. आता दर मीटिंगमध्ये 'तुमचा तो पंप' असं ऐकावं लागतं. आणि पुन्हा एकदा सांगते, लॉगबुक तुम्हाला ऑर्डरच्या आधी दिलं होतं. आधी.

मागणी अशी. बफर टाकी, योग्य एक्स्चेंजर आणि फिल्टर तुमच्या खर्चाने बसवा. खराब झालेलं तेल बदला आणि बेअरिंगची तपासणी कॉम्प्रेसर विभागाच्या माणसाकडून करून घ्या, लॅपटॉपवाल्याकडून नको. त्यानंतर दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या त्रयस्थ संस्थेकडून, आमच्या खऱ्या सांडपाण्यावर, पूर्ण शिफ्टची कामगिरी चाचणी. हे जमत नसेल तर यंत्र उचला आणि पैसे परत करा. तोवर उरलेला हप्ता मिळणार नाही. परफॉर्मन्स बँक गॅरंटीची मुदत या महिनाअखेरीस संपते, ही तारीख तुमच्या लक्षात असणारच. त्याआधी लेखी वेळापत्रक हाती आलं नाही, तर गॅरंटी वटवण्याचं पत्र बँकेत जाईल. मसुदा तयार आहे, फक्त सही राहिली आहे.

कळावे,
युटिलिटी विभागप्रमुख

ता. क. हे पत्र लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. कृपया आमच्या सेवेला रेटिंग द्या.' लिंक उघडून बघितली. एकपेक्षा कमी तारे द्यायची सोय नाही.