आज्जीच्या वहीला हात लावण्याआधी

नागपूर, १२ मार्च

चि. मंजिरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आज्जीची भजनांची वही लॅमिनेट करून घेते, कायमची टिकेल," आणि मी खेकसलो. फोन ठेवल्यावर आई माझ्यावर खेकसली. एवढ्या हौसेनं पोरगी सांगत होती म्हणे. म्हणून आता सावकाश लिहितो.

लॅमिनेशनच्या यंत्रात प्लॅस्टिकवरचा गोंद उष्णतेनं वितळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. मग कागद आणि प्लॅस्टिक वेगळं करणं जवळजवळ अशक्य. आज्जीची वही साधी शाळकरी, स्वस्त कागदाची. त्या कागदात मुळातच आम्ल असतं. ते आत कोंडलं की पान आतल्या आत पिवळं आणि ठिसूळ होत जातं, वरून मात्र चकचकीत. सेलोटेपचंही तेच. काही उन्हाळे गेले की पट्टी सुटून पडते आणि तिचा तपकिरी गोंद अक्षरांवर कायमचा राहतो. जुन्या वस्तू जपायच्या आमच्या कामात काहीही चिकटवायच्या आधी विचारायचं ते एवढंच: हे उद्या काढता येईल का?

तुला आठवतं, मे महिन्यात आई कुरोड्यांसाठी गहू भिजत घालायची आणि मी वाटीभर चीक मागून घ्यायचो? तू लहान होतीस, तुला वाटायचं मी लपून खातो. तो चीक मी कामावर न्यायचो. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, चिकट भाग काढून टाकला की खाली बसतो तो स्टार्च. तो शिजवून, गार करून, चाळणीतून दोनदा घासून काढला की त्याची खळ होते. जगभर फाटका कागद त्याच खळीनं जोडतात. वरून तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला जपानी टिश्यू लावतात, कांद्याच्या पापुद्र्याइतका तलम. तो कात्रीनं कापायचा नाही. पाण्याची रेघ ओढून हातानं फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. पन्नास वर्षांनी कुणाला नको झाला तर ओलावा देऊन अलगद सुटतो. एवढ्या रसायनांत हात घातले, पण आईच्या पातेल्यातल्या चिकाइतका भरवसा मला दुसऱ्या कशावर वाटला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती आईलाही माहीत नाही. नोकरीचं पहिलं वर्ष. एका खेड्यातून वीतभर उंचीचा काशाचा बाळकृष्ण आला होता, काळपट हिरवा. साहेब दौऱ्यावर. मी उत्साहानं चिंच आणि राख घेऊन तो असा लख्ख केला की काय सांगू! साहेब आले. त्यांनी भिंग लावलं, नोंदीचं कार्ड काढलं आणि म्हणाले, "याच्या कमरेला करदोट्याच्या तीन बारीक रेषा होत्या. कुठं गेल्या?" चिंचेच्या आम्लानं आणि राखेच्या घासण्यानं वरचा थर गेला होता, त्याबरोबर रेषाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कार्डावर माझ्याच हातून लिहवून घेतलं: सफाईत झीज, तारीख, सही. ते कार्ड अजून तिथं असेल.

पुढं मला लखनौला प्रशिक्षणाला पाठवलं, राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशालेत. ती १९७६ साली सुरू झालेली. तिथं कळलं की काशावरचा सगळाच हिरवा वाईट नसतो. घट्ट, गुळगुळीत थर धातूला सांभाळतो. फिकट हिरवी, पीठासारखी भुकटी दिसली तर मात्र धोका. क्षार आत बसलेले असतात, हवेत ओलावा आला की धातू पोखरत जातात. आणि आपण नागपूरकर उन्हाळ्यात काय करतो? बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर. माणसाला थंडावा आणि काशाला रोग!

अजब बंगल्यात गेलीस तर आता कपाटं बघ, नुसत्या मूर्ती नको. १८६३ सालचं ते संग्रहालय. आपल्या भोवतीच्या माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाटच्या शिळावर्तुळांतून, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांतून, निघालेलं लोखंड दोन हजार वर्षांहून जुनं. जमिनीत ते कसंबसं तग धरून असतं, बाहेर काढलं की पापुद्र्यांनी सुटू लागतं. त्याला कोरडी हवा हवी. लाकूड, कागद, हस्तिदंत फार कोरड्या हवेत तडकतात. एकाच दालनात दोघांना नांदवायचं म्हणजे एकत्र कुटुंबासारखंच.

आता तुझी वही. पानांना गंजलेली टाचणी असेल तर ओढू नकोस, फोटो काढून पाठव. आज्जीची शाई दौतीतली, पाण्यानं फुटते, म्हणून ओला बोळा अजिबात नाही. कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं बाहेर झटक. डांबराच्या गोळ्या नकोत, वही कपाटात बाहेरच्या भिंतीला टेकून नको. पुण्याच्या पावसात ती भिंत गार पडते. धुतलेल्या, खळ न लावलेल्या सुती कापडात गुंडाळ.

आणि तू विचारलंस तो चाळिसाव्या पानावरचा पिवळा डाग. ती आज्जीची हळदीची बोटं आहेत. तो काढायचा नाही. उजेडात हळद आपसूक उडते, म्हणून ते पान उघडं ठेवून फोटो काढत बसू नकोस.

मे महिन्यात येशील तेव्हा वही हातातल्या पिशवीत आण. फाटलेलं पान आपण दोघं बसून जोडू. आईला चीक वेगळा काढून ठेवायला सांगितलं तर तिनं मान वर न करताच विचारलं, "काऊनजी, खायले का वहीले?"

तुझे बाबा